नळाच्या पाण्याचं वरण

खारपाणपट्ट्यातल्या त्या गावात विहिरीचं पाणी इतकं खारट, की नव्या सुनांना पहिल्या घोटालाच माहेर आठवायचं. नळयोजना दोनदा फसलेली. त्यात कापूस बुडायची ती वर्षं. कशावर विश्वास ठेवायचं बळच गावात उरलं नव्हतं. तरी तालुक्यातली पहिली इंजिनिअर बाई, सबीहा, हटली नाही. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिनं दूरच्या धरणाचं गोडं पाणी नळाला आणलं.

दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाई वरणाची वाटी घेऊन टाकीपाशी हजर. मागे निम्मं गाव.

"इंजिनेरबाई, तुह्या पान्यानं वरण बिघडवलं! चवच नाई. आमची विहीरच बरी."

सबीहानं वाटी हातात घेतली. गावानं नळ नाकारला, तर हीही योजना बंद पडणार. वेळ आली तर सगळा पाइप पुन्हा उकरायचा, असं ठरवूनच तिनं वरणात बोट बुडवून चाखलं. मग हळूच विचारलं, "मावशी, मीठ किती टाकलं?"

मनकर्णाबाईनं सगळ्यांसमोर कपाळावर हात मारला. "एवढी शिकली तू, अन् एवढंबी माईत नाई? मीठ काहून टाकू? ते तं पान्यातच रायते ना!"