मेबल रुळली

फोन वाजला तेव्हा मेबलला मरून तीन तास झाले होते, आणि तैमीने अजून तिला पेटीतून काढलं नव्हतं.

मेबल म्हणजे सापीण. बोटाएवढी जाड, हातभर लांब, काळ्या अंगावर तीन पिवळे पट्टे. विष नाही की काही नाही. कर्टिसने सप्टेंबरात हौसेनं आणली आणि आठव्या दिवशी त्याला तुरुंगाची शिक्षा झाली. तेव्हापासून ती काचेची पेटी त्याच्या आईच्या, म्हणजे तैमीच्या स्वयंपाकघरात. सत्तरीला टेकलेली बाई, जिला गांडुळाचीसुद्धा शिसारी, तिच्यावर साप सांभाळायची पाळी यावी! पण सांभाळला. नवी जागा, बिचकत असेल बिचारी, म्हणून दोन आठवडे काचेवर टॉवेल टाकून ठेवला. घरात पाय न वाजवता वावरली.

"तुरुंगातून आलेला हा फोन घ्यायचा असल्यास एक दाबा," यंत्रातली बाई म्हणाली. तैमीने एक दाबलं.

"आई, मेबल कशी आहे?"

तुझा गुडघा कसा आहे, छपरावरचा बर्फ कोण काढतं, ते नाही. पहिला प्रश्न मेबलचा. जानेवारीत तुरुंगातल्या पाद्रीबाबांचा फोन आला होता. पोरानं जिवाचं बरंवाईट करून घ्यायला पाहिलं, पहारेकरी वेळेवर पोचला म्हणून वाचला. त्यानंतर तो दर रविवारी पंधरा मिनिटं बोलायचा ते फक्त मेबलबद्दल. बोलतोय ना, बोलू दे बापडा, असं म्हणून तैमी ऐकायची.

"मजेत आहे," ती म्हणाली.

"खाते?"

"खाते म्हणजे काय! आधी नखरे केले महाराणीनं. आता माझ्या हातून घेते." हे गुरुवारपर्यंत खरं होतं.

"पण एवढ्या बर्फात गांडुळं कुठून आणतेस?"

"गांडुळं कुठली रे? जमीन दगड झालीय. स्मेल्ट मासे घालते. तू जाळं टाकून पकडलेले. फ्रीझरमध्ये नऊ पिशव्या पडल्या होत्या, खायला कोण आहे इथे?"

 कर्टिसने तिला मध्येच थांबवलं.

"कधीपासून घालतेस?"

"नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग झालं तेव्हापासून. का रे? आपल्या तळ्यातले मासे. तेच खाऊन तू एवढा घोडा झालास."

"अगं आई, स्मेल्ट नाही चालत तिला!" तो ओरडलाच. "त्या माशात काहीतरी असतं, अंगातलं जीवनसत्त्वच खाऊन टाकतं. वरून पोट भरलेलं दिसतं, आतून जीव उपाशी मरतो. आधी डोकं लटपटतं, मग अंगाला पीळ पडतो, मग..."

तैमीने पेटीकडे पाहिलं. पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी मेबल पडली होती, पोट वर करून. गुरुवारी तिचं डोकं लटपटायला लागलं, तेव्हा थंडीनं असेल म्हणून तैमीने दिवा जवळ सरकवला होता. आणि अंगात ताकद यावी म्हणून आणखी तीन मासे भरवले होते. या हातानं!

"डोकं लटपटतंय का तिचं? खरं सांग."

"छे रे!"

"सरळ चालते ना?"

"सुतासारखी."

"घे शपथ."

"माझी शपथ," तैमी म्हणाली. त्याची शपथ घ्यायला जीभ रेटेना.

कर्टिस नाक ओढत होता. चाळिशीचा बाप्या. "घाबरलो गं. वाटलं, हिचंही वाटोळं केलं मी. ज्याला हात लावतो त्याची माती होते."

"गप बस. काहीतरी बोलू नकोस भलतंसलतं."

"आजपासून स्मेल्ट बंद. गळाच्या दुकानात विचार, डब्यातली गांडुळं ठेवतात ते. बारीक तुकडे कर."

"करते. उद्याच जाते."

"एक मिनिट उरलं आहे," यंत्रातली बाई म्हणाली.

"आई, फोन पेटीत धर ना जरा. भुशातून सरपटताना आवाज येतो बघ तिचा, तो ऐकव. एकदाच."

तैमीने झाकण काढलं. एका हातानं फोन आत धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं लाकडाच्या भुशात घातली. मेबलच्या कडेकडेनं ती चालवली. खसफस. जरा थांबली. पुन्हा खसफस. बोटांना ते गार अंग लागलं, तरी तिनं हात मागे घेतला नाही.

"आलं का रे ऐकू?"

कर्टिस हसत होता. लहानपणी हसायचा तसा, श्वास अडकेपर्यंत.

"रुळली गं आई! ऐकलंस? किती बिनधास्त फिरतेय. रुळली ती तुझ्याकडे."

"रुळली बाबा," तैमी म्हणाली.

"पुढच्या रविवारी पण ऐकव हां. दर रविवारी ऐकव—"

फोन कटला.

एप्रिल संपल्याशिवाय जमीन खणता येणार नव्हती. तैमीने मेबलला पावाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. पेटीतला भुसा मात्र तिनं टाकला नाही. कर्टिसच्या सुटकेला अजून एकोणसाठ रविवार होते.