कपाटामागचा रातकिडा

भिवंडीतल्या घराखालचे कापड विणायचे चारही लूम भाऊंनी भंगारात काढले, आणि गप्प झालेल्या घरात भरदुपारी रातकिडा किरकिरायला लागला. भाऊंनी कपाट ओढलं, माळा रिकामा केला, पलंग उभा केला, पण किडा काही सापडेना. ज्या खोलीत जावं तिथे आवाज आधीच हजर!

"नर असणार, बाबा," शाळेत विज्ञान शिकवणारी सून ऋतिका म्हणाली. "पंखावर पंख घासून तो मादीला बोलावतो. मादीला आवाज नसतो, ती नुसती ऐकते."

"बघ, शीक कायतरी!" भाऊ बायकोवर खेकसले. हौसा उचकटलेलं सामान जागच्या जागी लावत राहिली.

चौथ्या दिवशी ऋतिका त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

"किडाबिडा काही नाही, हा आवाज तुमच्या कानातच आहे," डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलीत ना? आता हा काही जायचा नाही."

घरी येऊन भाऊ धपकन खुर्चीत बसले. "हौसे, मरंपर्यंत किरकिरनार हाय ह्यो. तुला न्हाय कळायचं काय होतं ते."

हौसानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"माझ्या कानात बारा वर्सं किरकिरतोय. तुमच्या बाजूलाच बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची ना मी? दोनदा सांगितलं बी होतं तुमाला. पन तवा लूम चालू होते."