फक्त पोट

सकाळपासून बाळ हललं नव्हतं. नवरा टॅक्सी आणायला धावला, आणि आठव्या महिन्यातली नश्वा धास्तावून शेजारच्या इनायातबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. कैरोच्या शुब्रा वस्तीतल्या अर्ध्या मुली बाईंकडेच बेली डान्स शिकल्या होत्या, नश्वा तर अजूनही शिकत होती.

"रडून काय होणार? टॅक्सी येईपर्यंत मागच्या आठवड्याचा धडा करू. खांदे दगड, कंबर दगड. फक्त पोट हलव." बाईंनी तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. "खांदे का थरथरतायत, वेडाबाई?"

"भीती वाटतेय, बाई."

"वाटू दे. आत घे... सोड... सावकाश."

खाली हॉर्न वाजला.

"पुरे, थांब आता."

नश्वा थांबली. बाईंचा तळवा तिथेच होता.

"थांब म्हटलं ना, पोरी! अजून काय हलवतेयस?"

"बाई, मी केव्हाच थांबलेय."