मिस्त्रीचा मॅप

"पुलाखालच्या गॅरेजमध्ये ट्यून करून घेतली," शिक्षिका आपल्या लाल गाडीकडे कौतुकाने पाहत म्हणाली. "एवढंसं इंजिन, पण आता चढावर कशी पळते! आणि तो मुलगा किती सभ्य हो. आईवडिलांनी चांगलं वळण लावलंय."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुलाचा बाप तोच होता.

"ब्रेक तपासून ठेवतो," तो म्हणाला. "रोलरवर ताकदही मोजून देतो. फुकट. तासाभराने या."

फुकट हा शब्द बाबांच्या तोंडून ऐकून आत काँप्युटरवर बसलेल्या मुलीने मान वर केली.

गाडी तीन सिलिंडरची, एक लिटरची, टर्बोवाली. अशा इंजिनाची ताकद वाढवणं अवघड नाही. कुणीही टर्बोचा दाब वाढवतो आणि महिन्याभरात पिस्टन फोडून बसतो. मिस्त्रीचं कसब वेगळं होतं. खालच्या आरपीएमला इंजिनाला घाई करू द्यायची नाही, वर गेलं की मोकळं सोडायचं. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे सगळं तो आकड्यांच्या एका तक्त्यात बसवायचा आणि तो तक्ता गाडीच्या काँप्युटरमध्ये घालायचा. त्याला म्हणायचं मॅप. मिस्त्रीचा सगळा जीव त्यात होता.

मुलालाही त्यानेच शिकवलं होतं. "दोन मॅप समोर असले आणि शंका आली, तर प्रत्येक चौकटीत लहान आकडा घ्यायचा. इंजिन वाचतं."

शंका यायला स्वतः मिस्त्रीला मात्र दोन मॅप लागत नसत. दोन वर्षांपूर्वी त्याचा मॅप बाहेरच्या एका गाडीत सापडला. पुरावा काही नव्हता, नुसती मनात पाल चुकचुकली होती. तेवढ्यावर त्याने पोटच्या मुलाला घराबाहेर काढलं. तेव्हापासून घरात जेवताना फक्त भांडी वाजत.

आता मुलाने पुलाखाली दुकान मांडलं होतं, आणि त्याच्या गाड्या हुबेहूब मिस्त्रीच्या नव्या मॅपसारख्या ओढत होत्या. म्हणजे घरातलंच कुणीतरी फितूर होतं. कोण, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. मेहुणा. मुलाचा लाडका मामा. हल्ली त्याला एक विचारलं की भलतंच उत्तर मिळायचं, आणि पुलाकडचं काही काम निघालं की हा आपणहून चप्पल घालून तयार.

लाल गाडीतला मॅप वाचायला गेला तर त्याला कुलूप. ही सावधगिरीही पोराने बापाकडूनच उचललेली. मग रोलरशिवाय इलाज नव्हता.

पुढची चाकं जमिनीतल्या रोलरवर आली. मेहुण्याने गाडी जागेवर धरणारे पट्टे आवळले. तेवढ्यात बायको दुपारचा डबा घेऊन आली. मिस्त्रीने शटर अर्धं ओढलं आणि तिघांना एका रांगेत उभं केलं.

"नवा मॅप मी तुम्हा तिघांकडे जपायला दिलाय. ह्याच्या कपाटात, पोरीच्या काँप्युटरवर आणि हिच्या शिवणाच्या डब्यात. तिन्ही सारखे नाहीत. प्रत्येकात मी एकेक खड्डा ठेवलाय. त्या जागी दाब जरासा पडतो. चालवणाऱ्याला कळत नाही, रोलरला कळतं." त्याने मेहुण्याकडे बोट केलं. "तुझा तीन हजार आरपीएमला. पोरीचा साडेतीनला."

"आणि माझा?" बायकोने विचारलं.

"चार हजारला." तो जरा ओशाळला. "नियम म्हणजे नियम, म्हणून ठेवला गं. तुझ्यावर काय शंका घ्यायची?"

"पंचवीस वर्षांनी माझाही नंबर लागला म्हणायचा," ती म्हणाली.

"ज्याचा खड्डा दिसेल, त्याच्याबरोबर मी एका छपराखाली राहणार नाही. आज सोक्षमोक्ष लागू दे."

मेहुणा घसा खाकरून म्हणाला, "भावोजी, हा डावीकडचा पट्टा जुना झालाय. आज नको."

मिस्त्री मनात हसला.

"बाबा, आधी जेवून घ्या ना," मुलगी म्हणाली. "गार होईल."

"जेवण पळून जात नाही."

"पण परक्या बाईची गाडी, काही झालं म्हणजे?" बायको म्हणाली. "आणि झालं गेलं सोडा आता. कुणी दिलाच असेल तर आपल्याच मुलाला दिलाय ना?"

भावासाठी जीव तुटतोय बिचारीचा, मिस्त्रीच्या मनात आलं. पोरही मामाचीच बाजू घेणार. त्याला दोघींची कीव आली, आणि त्या गोड बोलणाऱ्या माणसाची चीड आली, ज्याच्यामुळे या दोघींना अशी अजीजी करावी लागत होती.

तो गाडीत बसला. दार ओढलं, गिअर टाकला आणि पाय तळापर्यंत दाबला.

भिंतीवरच्या पडद्यावर ताकदीची हिरवी रेघ चढायला लागली. दोन हजार. अडीच. तीन हजारला ती बोटभर खाली बसली आणि पुन्हा उठली. मिस्त्रीने खिडकीतून पाहिलं. मेहुण्याची मान खाली गेली होती. सामान बांधायला ह्याला संध्याकाळपर्यंत वेळ द्यायचा, मिस्त्रीने ठरवलं, तेवढा मोठेपणा आपण दाखवू. पाय तसाच दाबलेला होता.

साडेतीनला रेघ पुन्हा खाली बसली.

यंत्रात काहीतरी बिघाड असणार. त्याने मुलीकडे पाहिलं, तर तिने तोंडावर हात धरला होता. पाय उचलावा, त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता उचलावा. पण इंजिन त्यानेच शिकवल्यासारखं झरझर वर चाललं होतं, आणि चार हजारला रेघ तिसऱ्यांदा बोटभर खाली बसली. खिडकीबाहेरची तिघं त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती थक्क होऊन एकमेकांकडे पाहत होती.