जड शब्द

“मी सॉरी म्हटलंय, त्याचं जपानी करा,” मॅनेजर मोबाईलमधून मान वर न काढता मला म्हणाला.

समोर जपानहून आलेले कंपनीचे मोठे साहेब होते. शेजारी कामगार चंद्रकला, हाताला बँडेज. काम भराभर व्हावं म्हणून याच मॅनेजरने प्रेस मशीनची सुरक्षेची जाळी काढायला लावली आणि तिची दोन बोटं गेली.

जपानीत या सॉरीला कितीतरी शब्द आहेत. “साधासा वापरा,” तो पुटपुटला. माझं डोकंच फिरलं. चूक कबूल करायचा सगळ्यात जड शब्द मी वापरला.

तो ऐकताच साहेब उठले आणि कंपनीच्या वतीने चंद्रकलासमोर कमरेतून वाकले. साहेब वाकलेले असताना हाताखालच्याने ताठ राहायचं नाही, ही त्यांची रीत. मॅनेजरलाही वाकावं लागलं.

चंद्रकला मला म्हणाली, “मॅडम, साहेबांना उठवा. याला राहू द्या तसाच.”