एक जूनची माणसं

‘सदर लाभार्थ्याने यापूर्वीच लाभ घेतलेला आहे.’

स्क्रीनवर पुन्हा तेच. प्रशीलने दातओठ खाल्ले. मागच्या बाकावर त्याची तानुबाई मावशी पदर डोळ्याशी धरून बसली होती. डावा डोळा कधीचाच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. सरकारी शिबिराची यादी आज संध्याकाळी बंद होणार होती. पुढचं शिबिर वर्षाने, आणि डोळा तेवढी वाट बघणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

“हिने कसला लाभ घेतला, साहेब? तुमच्या टेबलावरचा कप दिसत नाही तिला.”

धनसिंग साहेब धुळ्याच्या त्या कार्यालयात योजनेचं काम बघत. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. “साइट टेस्टेड आहे. उद्घाटनाला पाहुण्यांनी बटण दाबलं, लगेच चालू झाली. मी स्वतः हजर होतो.”

प्रशीलला शिसारी आली. तो जळगावला सॉफ्टवेअर लिहायचा. नोकरी सांभाळून ओपन सोर्सचं कामही करायचा. म्हणजे असा कोड, जो कुणीही फुकट घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा. एकच माणूस दोनदा अर्ज करतोय का, हे पकडणारा या साइटचा भाग तसल्याच कोडातून उचललेला होता. उचलल्याचं त्याला काही नव्हतं, ठेवलेलाच त्यासाठी. पण कोडासोबत तो तपासायच्या चाचण्याही होत्या. कंपनीने त्या केळ्याच्या सालीसारख्या फेकून दिल्या. आधार नंबर भरून घेतला, पण जुळवताना बघितलाच नाही. मधलं नावही सोडलं. नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख. झालं, एवढं जुळलं की माणूस तोच.

आता खानदेशात याच्याइतका गाढवपणा दुसरा नाही. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून टाकायचे. जे शाळेच्या पायरीला शिवले नाहीत, त्यांना रेशनकार्ड लिहिणाऱ्याने तीच तारीख चिकटवली. दोंडाईचाजवळच्या मावशीच्या गावात साठीपुढचा बठ्ठा, म्हणजे अख्खा गाव एकाच दिवशी जन्मलेला. त्यात तानुबाई बैसाणे तिघी, कागदावरचं सालही एकच.

प्रशीलने ही चूक हेरून दुरुस्ती लिहून पाठवली होती. फुकट, चाचण्यांसकट. कंपनीचं उत्तर आलं, कार्यालयाची तक्रार नाही. कार्यालय म्हणालं, चूक आहे असं कंपनीने कळवलेलं नाही. दोघांनी मिळून एकमेकांची पाठ खाजवली आणि साइट होती तशीच राहिली.

“त्या दोन्ही तानुबाईस्नं व्हयी गयं,” मावशी मागून म्हणाली. “मनंच काबर नही?”

साहेबांना तिची दया आली असावी. त्यांनी खणातून एक कागद काढला. “एवढं काय मनावर घेता? स्वयंघोषणापत्र द्या. योजनेच्या कार्डावर दोन जून करून टाकू. नाव लगेच लागतं.”

“म्हणजे चूक साइटची, आणि जन्म माणसाने बदलायचा? खोटी तारीख मी देणार नाही.”

“एक जून तरी खरी आहे का?”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते.

“तारीख लीसन काय करू, भाऊ,” मावशी म्हणाली. “माले डोया पाहिजे.”

त्याने कागद भरला. जळगावच्या ऑफिसात याहून किरकोळ लबाडीसाठी तो पोरांचा कोड तोंडावर परत करायचा, आणि इथे स्वतःच्या हाताने मावशीचा जन्म एक दिवस पुढे ढकलत होता. स्वतःचीच किळस आली त्याला. मावशीचा अंगठा त्याने धरून कागदावर टेकवला. साहेबांनी तारीख बदलली. बटण दाबलं. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं.

‘सदर लाभार्थ्याने यापूर्वीच लाभ घेतलेला आहे.’

प्रशीलने वाकून तारीख बघितली. दोन जूनच होती. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजाडलं.

“साहेब, ही दोन जून तुम्ही आणखी कुणाला दिलीय?”

“जो अडतो त्याला देतो,” साहेब जरा दुखावूनच म्हणाले. “मागच्या शिबिराला तुमच्याच गावची एक तानुबाई आली होती. तिचंही असंच अडलेलं. मग काय, बिचारीला तशीच परत पाठवायची?”

मावशी आवाजाच्या अंदाजाने एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड वळवत होती. साहेबांनी कप बाजूला सारला, खणातून कोरा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

“तीन जून अजून मोकळी आहे.”