समोरचा शिक्का

“बाबा, तुम्हाला फारसी नक्की येते ना?”

बाबांचा शिक्का हवेतच थांबला. ‘विचारून दाखव’ म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती. मुलीने विचारलं. आता मान ताठ ठेवून ती त्यांच्याकडे बघत होती.

“काय हे बोलणं!” आई आतून ओरडली.

“मग काय बोलू? आजीचा इकडे यायचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय!”

बाबा फारसी कागदांचं भाषांतर करून खाली शिक्का मारायचे. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, गुणपत्रिका. त्या शिक्क्याच्या जोरावर शेकडो माणसं या देशात आली. बाबांची स्वतःची आई तेवढी तिकडे मायदेशात अडकली. तिने घर कधीच रिकामं करून दिलं होतं. आता ती शेजारणीच्या खोलीत, बांधलेल्या बॅगेवर पाय ठेवून बसायची आणि रोज फोनवर विचारायची, “झालं का रे?” तिच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत शुक्रवारी संपणार होती. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बाबांचं दर वेळी तेच. भिंग काढायचं. तिकडची तारीख इकडच्या तारखेत पुन्हा मोजायची. एखादा स्वल्पविराम हलवायचा. “कुठेतरी बारीकशी चूक राहिली असणार,” असं पुटपुटत पुन्हा आपलाच शिक्का मारायचा.

मुलीने परत आलेलं पत्र त्यांच्यासमोर सरकवलं. “तिसरी ओळ वाचलीत? ‘भाषांतर करणारा अर्जदाराचा नातेवाईक नसावा.’”

“वाचली! तिन्ही वेळा वाचली!” बाबा भडकले. “मग काय करू? अख्ख्या शहरात शिक्का आहे दोघांकडे. एक मी, दुसरा तो समोरचा!”

समोरचा म्हणजे पलीकडच्या इमारतीतला चष्मेवाला. एके काळी दोघे एकाच टेबलावर बसायचे. मग एकदा बाबांनी गिऱ्हाइकासमोर त्याची चूक काढली. त्याने तिथल्या तिथे बाबांच्या दोन काढल्या. त्याला नऊ वर्षं झाली. रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात. दोघांपैकी एकानेही एक टाकलं नव्हतं.

“माझ्या आईचा दाखला त्याच्या हातात देऊ? मरेन, पण...”

“तुम्ही कशाला मरता? बॅग बांधून ती बसलीये!”

आईने “अगं, हळू” म्हणेपर्यंत ती आजीची पिवळी फाईल उचलून जिना उतरली होती.

वीस मिनिटांनी ती धापा टाकत परतली. बाबा खिडकीच्या पडद्याआडून पटकन मागे सरकले.

“देऊन आलीस? फिदीफिदी हसला असेल.”

“नाही हसले. फाईल बघून आधी खाली बसले. मग कपाट उघडलं.” तिने हातातली जाडजूड निळी फाईल टेबलावर ठेवली. “आता दोघंही ऐका, मी ठरवून टाकलंय. आपली फाईल तिकडेच राहणार. ही त्यांच्या आईची. चार वेळा परत आलीये. उद्या सकाळी बाबा शिक्का मारून स्वतः नेऊन देणार, असं मी कबूल करून आलेय.”